अबक कखग, क्रमांक एक, यांची हकीकत

श्री. प्रथम वंदन जो मोजितो त्यास, मग वंदन जे मोजिले गेले त्यांस, आणि जो कोणाच्याच मोजणीत आला नाही त्यास दोन वेळा वंदन. यंत्रागमन शके चोविसावे, ज्येष्ठ शुद्ध तृतीया, सोमवार, ते दिवशी आणि त्यापुढील अकरा दिवसांत जे वर्तमान जाहले ते दफ्तरातील एका कारकुनाने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले आणि कोणी न सांगता लिहिले. कारकुनाचे नाव पुसो नये. राज्याचेही नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारची राज्ये हसतील, आणि हसता हसता आपले दफ्तर उघडतील तर त्यांजकडेही हेच निघेल.

मूळ हकीकत ऐसी जे, पूर्वी या राज्यात माणूस नावाने ओळखीत असत, आणि त्यापायी बहुत घोटाळा होत असे. एका शिंपीआळीतच तीन रखमाजी होते, आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या पोटात जाई आणि तिसऱ्यास सांगितलेले फटके पहिला खाई, आणि बायका लग्न होताच नाव बदलीत, मग दफ्तरात माहेरची बाई हरवलेली आणि सासरची बाई आभाळातून पडलेली ऐसे दिसे. तेव्हां दफ्तरदार अंताजीपंत, माणूस हुशार, डोळ्यांस चष्मा, स्वभाव भिडस्त, यांनी हुजुरास अर्ज करून संगणक नामे यंत्र आणविले. यंत्राचा कायदा एकच. जो येईल त्यास पुढील अंक. जात पुसणे नाही, गाव पुसणे नाही, पागोटे केवढे ते पाहणे नाही. आला त्यास मागल्याहून एक अधिक. यंत्रवाले त्यास प्रायमरी की म्हणतात, आम्ही मूळ अंक म्हणतो. एकदा दिला तो दिला. माणूस गेला तरी त्याचा अंक दुसऱ्यास मिळत नाही. दोनशे अकरा अंक तर कोणाचाच नाही, कारण तो ज्यास लागणार तो इसम वय पुसताच संतापून नोंदणी अर्धी टाकून घरी गेला, आणि यंत्राने तो अंक जो सोडला तो सोडलाच. मग घरांचा तक्ता, विहिरींचा तक्ता, लग्नांचा तक्ता, वैद्यांचा तक्ता ऐसे सात तक्ते आणखी केले, आणि त्या साऱ्यांत नाव न लिहिता हा अंकच लिहू लागले. तेव्हांपासून ज्याचे औषध त्यासच मिळू लागले आणि राज्यात बरीक समाधान नांदू लागले. चांगल्यास चांगले म्हणावे, मी काही यंत्राचा वैरी नव्हे.

पण यंत्रवाल्या लोकांची एक खोड असते. नवे यंत्र मांडले की पहिली ओळ खोटी घालून पाहतात. खऱ्या माणसावर प्रयोग नको म्हणोन कोणी काल्पनिक इसम घालावा, तो नीट उतरला की खोडावा आणि मग खरी नोंदणी सुरू करावी, ऐसी रीत. अंताजीपंतांनीही तेच केले. पहिल्या सोमवारी सकाळी लिहिले, नाव अबक कखग, वय नव्वदावर नऊ, राहणार मौजे तपासणी. यंत्राने त्यास अंक दिला एक. पंत बहुत हर्षले, आणि तितक्यात बाहेर रांग लागली म्हणोन ओरड जाहली, आणि पंत उठले, आणि ती ओळ खोडावयाची राहोन गेली. चोवीस वर्षे राहिली. ऐसे कोणाचे होत नाही म्हणाल तर ज्याने यंत्र मांडिले त्यास एकांतात पुसा.

पुढे ऐसे जाहले की यंत्र प्रत्येक माणसापुढे पालकाचा अंक मागे, आणि तो रकाना रिकामा ठेवू देत नसे, आणि वाटेल तो अंकही घेत नसे. जो अंक नोंदणीत आहे तोच घेई. मग ज्या लेकराचा पालक कोणी नाही, कोणी हाटात टाकिले, कोणी धर्मशाळेत ठेविले, त्यापुढे काय लिहावे? कारकुनांनी एक लिहिले. पुढल्यांनीही एक लिहिले, मीही लिहिले, खोटे कशास बोलू. मग ज्याचा धनी सापडेना ते सर्व एकावर जाऊ लागले. एक लंगडा हत्ती एकावर, एक पायविहीर एकावर, भांडून फुटलेल्या वाजंत्र्यांचा अर्धा ताफा एकावर, आणि टाकिलेली लेकरे एकेचाळीस. येणेप्रमाणे जो कधी जन्मलाच नाही तो या राज्यातील मोठा कुटुंबवत्सल गृहस्थ होऊन बसला.

आता सोमवारची गोष्ट. त्या दिवशी महाराजांचे राज्यारोहणाचा उत्सव, आणि महाराजांचे मनात आले की राज्यातील सर्वांत वयोवृद्ध प्रजाजनास शालजोडी द्यावी. यंत्रास पुसले. यंत्राने सांगितले, क्रमांक एक, अबक कखग, वय एकशे तेवीस. भालदाराने पुकारा केला. कोणी उठेना. दुसऱ्यांदा केला. चौकात पाच हजार माणूस आणि इकडचा माणूस तिकडे पाहतो. कारभारी शिदोजीराव, ज्यांस कोठेही काही कमी दिसले की आनंद होतो, ते महाराजांचे कानाशी लागले आणि म्हणाले, "हुजूर, म्हातारा नसेल आला. पण क्रमांक एक याचा कसा? आपला किती?" महाराजांस आपला अंक ठाऊक नव्हता, कारण महाराजांस अंक पुसणार कोण? यंत्रास पुसले. यंत्राने सांगितले, चार हजार तीनशे सतरा. नोंदणी सुरू जाहली तेव्हां महाराज सासुरवाडीस आमरसास गेले होते आणि पाचवे दिवशी परतले, मग जो अंक आला तो आला. अलीकडे एक कुंभार, पलीकडे एक डफवाला, मध्ये महाराज. शालजोडी तशीच घडी करून ठेविली, आणि महाराज सदरेवर येऊन बसले.

मग अंताजीपंतांस बोलाविले. पंतांनी टोपी काढून हातात घेतली आणि जे खरे ते सांगितले, की ऐसा कोणी इसम नाही, तो मी तपासणीस घातला होता आणि खोडावयाचे राहिले. महाराज बोलिले, "म्हणजे जो माणूस नाही तो पहिला, आणि आम्ही आहो ते चार हजार तीनशे सतरावे?" पंत म्हणाले, "हुजूर, अंकास मान नाही. अंक म्हणजे नुसती ओळख. एक म्हणजे थोर नव्हे, एक म्हणजे आधी आला इतकेच." महाराज म्हणाले, "तेही आला नाही ना."

शिदोजीराव म्हणाले, "सोपे आहे. एक खोडा, यंत्र तोच अंक महाराजांस देईल." पंत म्हणाले, "देणार नाही. यंत्र मागे वळोन पाहत नाही. महाराजांस नव्याने घालू गेलो तर अंक साठ हजारांचे पुढे जाईल." मग शिदोजीराव म्हणाले, "तर सर्वांचे अंक बदला. एक काढा आणि महाराज बसवा आणि बाकीच्यांस नव्याने मोजा." पंत म्हणाले, "मोजतो. पण सात तक्त्यांत जुने अंक आहेत. माणसांचे अंक सरकले आणि तक्ते तेच राहिले, तर ज्याचे त्याचे घर शेजाऱ्याकडे जाईल आणि विहीर शेजाऱ्याकडे जाईल आणि लग्नेही तक्त्यातच लिहिली आहेत." हे ऐकताच सदरेवरील एक एक मानकरी मनात आपल्या पुढला अंक आठवू लागला. न्यायाधीशांचे पुढला अंक एका तमासगिराचा होता. त्यांनी ताबडतोब उठोन सांगितले की धर्मशास्त्रात ऐसे सरकविणे बसत नाही.

तेव्हां महाराजांची आज्ञा जाहली, "आम्हांस मिळो न मिळो, पण जो नाही त्यास पहिला अंक राहणे नाही. गुरुवारी सदरेवर आमचे डोळ्यांदेखत ती ओळ खोडावी." पंतांनी हात जोडिले. कारण कायदा पंतांनीच घालून ठेविला होता, की एखादे घर राज्य सोडोन परमुलखी गेले आणि पालकाची ओळ खोडली, तर त्याखालील ओळी यंत्राने आपोआप खोडाव्या, कारकुनांनी एक एक खोडीत बसू नये. अबक गेला की एकेचाळीस जण गेले. हे पंतांनी सांगितले, आणि सदरेस पुसले की या एकेचाळिसांस कोणी आपला अंक देईल काय. सर्व मानकरी आपापल्या उपरण्याचे काठ पाहू लागले. पंत म्हणाले, "तर माझा घालतो." शिदोजीराव म्हणाले, "दफ्तरातील कोणीही आपला अंक परक्याच्या ओळीत घालू नये, हा कायदा आहे." आणि कायदा होता, हे वाईट.

पंत दफ्तरात आले आणि खिशातून एक लग्नाची पत्रिका काढून मजपुढे ठेविली. हळदीची बोटे, अक्षता कागदात बांधलेल्या, आणि वर लिहिले, क्रमांक एक, श्री. अबक कखग, मारफत दफ्तर, यांस आग्रहाचे आमंत्रण. धाडणारी सगुणा रंगारीण. ही बाविसा वर्षांमागे मिठाचे दुकानी गोणीवर सापडली, मिठवाल्या म्हातारीने वाढविली, म्हातारी वारली, आणि आता ही रंगाची कुंडी स्वतः चालविते आणि हिच्या हाताचा लाल रंग धुण्यास उतरत नाही ऐसी ख्याती. एकेचाळिसांत वयाने हीच मोठी आणि हिचेच लग्न पहिले. वर हणमंता साळी, मुहूर्त ज्येष्ठ शुद्ध दशमी, म्हणजे पुढला सोमवार. आणि लग्नाचा कायदा ऐसा जे, मुलीच्या पालकाने स्वतः हजर राहोन अंगठा द्यावा, त्याखेरीज लग्न तक्त्यात चढत नाही. हा कायदा खुद्द महाराजांनी केलेला. पंत मला म्हणाले, "ही अक्षत सकाळी आली. आता मी तिला काय सांगू?" मी म्हणालो, "खरे सांगा." दुसऱ्यास सांगावयास सोपे, म्हणोन सांगितले.

मंगळवारी पंत रंगारआळीत गेले आणि मी बरोबर गेलो. सगुणा कोपरापर्यंत लाल हात घेऊन कुंडी ढवळीत होती, आणि वराची आई तुळसाबाई उंबऱ्यावर बसोन सुपारी कातरीत होती. पंतांस पाहताच सगुणा म्हणाली, "पोचली का अक्षत? येणार हायेत का?" पंत मान खाली घालून म्हणाले, "बाई, तो माणूस नाही. वारला ऐसे नव्हे. कधी नव्हताच. यंत्र चालते की नाही ते पाहावयास मी ते नाव घातले." सगुणा काठी तशीच धरोन राहिली. म्हणाली, "म्या त्यांस्नी शोधाया गेले होते. तीन वर्सं झाली. तपासणी गाव कुठं हाय ते इचारत चार दिस चालले. कुणालाच ठावं न्हाई. मला वाटलं, गाव उठला असंल." पंतांनी चष्मा काढिला. सगुणा म्हणाली, "हाटात सगळ्या पोरी इचारायच्या, तुझा पालक येत का न्हाई. म्या सांगायचे, कामात असतील. पयला नंबर म्हंजे कामं लई." आणि मग पंतांनी गुरुवारची आज्ञाही सांगितली, की ती ओळ जाणार आणि तिजबरोबर तुझीही जाणार, आणि नव्याने अंक घेऊ गेलीस तर यंत्र प्रथम पालक पुसणार.

तुळसाबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "बघा म्हंजे. म्या आधीच म्हणत होते, पालक एकदा डोळ्यांनी दावा." आत हणमंता मागावर बसला होता, तो तेथून म्हणाला, "आये, पालक नसंना का. मला चालंल." तुळसाबाई म्हणाली, "तुला चालंल रे. दफ्तराला न्हाई चालत. उद्या नातवंडाच्या कागदावर काय लिवायचं?" बाई तोंडाची फटकळ, पण बोलली ते खोटे नव्हते. सगुणा काठी ठेवोन म्हणाली, "पंत, गुरुवारी सदर किती वाजता भरती?"

गुरुवारी सदर भरली. पडद्याआड राणीसाहेब, समोर यंत्र, यंत्रापुढे अंताजीपंत, आणि महाराज ओळ खोडलेली पाहावयास पुढे सरून बसलेले. तेव्हां सगुणा आली. भालदाराने अंक पुसला, तिने सांगितला, नऊ हजार सहाशे चाळीस, आणि म्हणाली, "अजून हाय तंवर आत सोडा." मग महाराजांसमोर उभी राहिली, मुजरा केला, आणि म्हणाली, "म्हाराज, तुमास्नी पयला नंबर पायजे. मला नंबराचं काय बी न्हाई, शेवटला द्या. पर माझ्या नंबराच्या म्होरं एक जित्तं माणूस पायजे. सोमवारी येऊन अंगठा देईल असं. इतकी माणसं बसलीत हितं, आणि कागदावर मला बावीस वर्सं सांभाळलं ते एका नसलेल्यानं." मला, खरे सांगतो, माझी लाज वाटली, कारण तिजखालच्या पाचसहा ओळींत एक लिहिणारा हात माझाच होता.

तेव्हां अंताजीपंत उठले. भिडस्त माणूस, चोवीस वर्षांत आपण होऊन सदरेवर बोलला नव्हता. ते म्हणाले, "हुजूर, अंक बदलता येत नाही. पण ओळीतील नाव बदलता येते. माणसे नाव बदलितात, गाव बदलितात, म्हणोनच तर अंक ठेविला. एक नंबरची ओळ न खोडता तीत अबक कखग पुसोन महाराजांचे नाव लिहिले, तर महाराज क्रमांक एक जाहले. आजच, आताच." महाराजांचा चेहरा उजळला. पंत म्हणाले, "मात्र ओळ रिकामी मिळत नाही. तिजवर जे लागले आहे ते सर्व तिजबरोबर येते." शिदोजीराव घाईने म्हणाले, "हुजूर, एकेचाळीस पोरे आहेत, आणि हत्ती आहे, आणि विहीर आहे, आणि वाजंत्री आहेत, तीही अर्धी." महाराजांनी हे सर्व बोटांवर मोजिले. मग म्हणाले, "हत्ती लंगडा आहे ना?" पंत म्हणाले, "होय हुजूर." महाराज म्हणाले, "मग तो कोठे पळत नाही." मग पंतांस पुसले, "आणि राणीसाहेब आणि युवराज?" पंत म्हणाले, "ते सध्या चार हजार तीनशे सतराखाली आहेत. त्यांस आधी एकाखाली आणावे, मग तो जुना अंक खोडावा. युवराज आणि ही एकेचाळीस मग एका पालकाची." पडद्याआडून राणीसाहेब बोलिल्या, "चार हजार तीनशे सतरावर इतकी वर्षे संसार केला, काही उणे पडले नाही. पण एकाचा हट्ट धरलाच आहे तर अर्धा धरू नये. सगळाच घ्यावा."

महाराजांनी सगुणेकडे पाहिले. तिचे हात तसेच लाल होते. धुऊन आली होती तरी. मग महाराज म्हणाले, "मुहूर्त किती वाजता आहे?" ती म्हणाली, "सकाळी. धा वाजून बारा मिनिटं." महाराज पंतांकडे वळोन म्हणाले, "लिहा." पंतांनी आधी राणीसाहेबांस आणि युवराजांस सरकविले, मग जुनी ओळ खोडली, मग एकावरील नाव, वय आणि गाव पुसोन महाराजांचे लिहिले, आणि एकेचाळीस ओळी जेथल्या तेथे राहिल्या, एकही हलली नाही. शिदोजीराव म्हणाले की हे नियमात बसते की नाही ते पाहावे लागेल. न्यायाधीशांनी सांगितले की बसते.

सोमवारी महाराज रंगारआळीत गेले. अंबारी नाही, भालदार नाही, कायद्यात पालक म्हटले आहे, राजा म्हटले नाही, म्हणोन पालक जातो तैसे गेले. मांडवाचे दारी तुळसाबाई उभी. तिने महाराजांस नखशिखान्त पाहिले आणि म्हणाली, "या. म्होरं बसा. पालकाची जागा तिकडं." लग्न लागले. मग मी यंत्राचा काचेचा पडदा मांडवात नेला होता तो पुढे केला आणि रीतीप्रमाणे पुसले, पालक कोण? हे पुसावेच लागते. महाराज म्हणाले, "मी." आणि अंगठा दिला. मग उठतील ऐसे सर्वांस वाटले, पण उठेनात. पंगत बसली तेव्हां वधूपक्षाची पाने मांडावयास माणूस कमी पडले, आणि महाराज बाह्या सारून लाडू वाढीत पंक्तीतून फिरले, आणि सगुणेच्या पानात दोन वाढिले. ती म्हणाली, "एकच खाते मी." महाराज म्हणाले, "आम्हांस काय ठाऊक? आता कळले." आणि सगुणा तेव्हां रडली, त्याआधी रडली नव्हती. रडता रडता दोन्ही लाडू खाल्ले.

येणेप्रमाणे हकीकत. चार हजार तीनशे सतरा अंक मोकळा आहे आणि तैसाच राहील. वाजंत्र्यांचे दोन्ही अर्धे एक जाहले. हत्ती राजवाड्याचे मागे बांधिला आहे आणि सुखी आहे. दशमीनंतर चौथे दिवशी टपालचौकीच्या बाकावर मुलगी सापडली, पंधरा दिवसांची. मी नोंदणीस बसलो, यंत्राने पालक पुसला, आणि सवयीने माझे बोट एकाकडे गेले. मग थांबलो. आता तेथे माणूस होता, त्यास पुसल्याखेरीज कैसे लिहावे? यंत्र तैसेच ठेवोन राजवाड्यात गेलो. महाराज जेवावयास बसले होते. ऐकोन म्हणाले, "लिहा. आणि दूध पिते की नाही ते संध्याकाळी येऊन सांगा." परत येऊन लिहिले. अंक एकसष्ट हजार दोनशे एकोणीस. पालक, एक. विचारून लिहिले असे.